नाशिकमधून एक नर्स विधानसभेत पाठवा: सर्व राजकीय पक्षांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील सर्व राजकीय पक्षांचे अध्यक्ष आणि पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

विधानसभेची पुढची निवडणूक २०२९ साली आहे. अजून पुष्कळ वेळ आहे असं वाटेल, पण उमेदवार काही शेवटच्या आठवड्यात घडत नाहीत. आरतीला कुणाला बोलवायचं, चौकातल्या फलकावर कुणाचा फोटो लावायचा, आरोग्य शिबिराच्या मंचावर कुणाला बसवायचं, तिथूनच उमेदवार घडायला लागतो. म्हणून आत्ताच लिहिते आहे. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. त्यातल्या एका जिंकण्याजोग्या मतदारसंघातून तुमच्या पक्षाने एका परिचारिकेला उमेदवारी द्यावी, एवढी माझी मागणी आहे.

मी निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डातल्या बोलीत इन्चार्ज सिस्टर. कोणत्याही पक्षाची सदस्य नाही. तिकीट मला नको आहे, कुणी नाव सुचवलं तरी मी नाहीच म्हणेन. पण माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुली आज जिल्ह्यात ठिकठिकाणी इन्चार्ज आहेत, काहीजणी नर्सिंग कॉलेजात शिकवतात. त्यांच्यातल्या दोघी-तिघी तरी अशा आहेत की त्या सभागृहात प्रश्न विचारायला उभ्या राहिल्या, तर मंत्र्यांना कागद नीट वाचून यावं लागेल.

नाशिकने राजकारणात डॉक्टरांवर भरभरून विश्वास टाकलेला आहे. डॉ. दौलतराव आहेर राज्याचे आरोग्यमंत्री झाले. डॉ. वसंतराव पवार खासदार झाले, आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. डॉ. शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या, पुढे आमदार झाल्या, आणि २०२४ मध्ये धुळ्यातून लोकसभेत गेल्या. डॉ. भारती पवार २०१९ मध्ये दिंडोरीतून निवडून आल्या आणि २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. चांदवडमधून डॉ. राहुल आहेर निवडून येतात. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. आरोग्याची जाण असलेला माणूस हवा म्हणून मतदारांनी त्यांना निवडलं, हेही खरं. पण आरोग्याचा विषय निघाला की तुमच्या बैठकीत डॉक्टरचंच नाव पुढे येतं. तुमच्या पक्षाने आजवर किती परिचारिकांना विधानसभेची उमेदवारी दिली, हे तुमच्या कार्यालयातल्या जुन्या याद्या काढून पाहा. मी आकडा सांगत नाही, तुम्हीच मोजा.

आम्ही नोकरीत असताना एका लोकप्रतिनिधींकडे निवेदन घेऊन गेलो होतो. मागणी साधी होती. दुपारपाळी संपवून रात्री घरी जाणाऱ्या सिस्टर्ससाठी गाडी हवी होती. रिक्षावाले त्या वेळी शहराबाहेरच्या वस्तीत यायला तयार होत नसत. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, चहा दिला, निवेदनावर पोहोच दिली, आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरसाहेबांना घेऊन या, म्हणजे नीट बोलता येईल." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. रुग्णालयाबद्दल बोलायचं तर डॉक्टरशी बोलायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. रात्री साडेनऊला रस्त्यावर उभं राहणाऱ्या बाईशी त्याबद्दल बोलता येतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मला ते आजही लागतं.

नर्स आमदार झाली तर करील काय, असं तुम्ही विचाराल. याचं उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हे घडून गेलेलं आहे, आणि त्या बाईंची सगळी कारकीर्द सार्वजनिक नोंदीत आहे. मी ती थोडी सविस्तर सांगणार आहे. तुम्ही ती शेवटपर्यंत वाचावी, अशी विनंती आहे.

एडी बर्निस जॉन्सन या टेक्सासमधल्या वेको गावच्या कृष्णवर्णीय बाई. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. तू मुलगी आहेस, नर्स हो, असं त्यांना शाळेत सांगण्यात आलं. त्यांच्या राज्यात कृष्णवर्णीय मुलींना चांगल्या नर्सिंग शाळेत प्रवेश मिळत नव्हता, म्हणून त्या दूर इंडियाना राज्यातल्या सेंट मेरीज कॉलेजात गेल्या आणि १९५५ मध्ये नर्स झाल्या. नंतर डॅलसमधल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात त्यांना नोकरी मिळाली. नेमणूक पत्रव्यवहारावर झाली होती. त्या कृष्णवर्णीय आहेत हे कळल्यावर त्यांना देऊ केलेली राहायची खोली काढून घेण्यात आली. सुरुवातीला तर त्या रुग्णाच्या खोलीत जायच्या आधी कुणीतरी पुढे जाऊन, येणारी नर्स प्रशिक्षित आहे, असं रुग्णाला सांगत असे. त्याच रुग्णालयात त्या मनोविकार विभागाच्या मुख्य परिचारिका झाल्या. एकूण १६ वर्षं त्या तिथे होत्या. नोकरी करता करताच १९६७ मध्ये त्यांनी नर्सिंगची पदवी घेतली.

रुग्णालयाबाहेरही त्या स्वस्थ नव्हत्या. डॅलसच्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय बायकांना टोपी किंवा चपला घालून पाहायला मनाई असे. त्याविरुद्ध बायकांचा गट उभा करून त्यांनी बहिष्कार घडवला. लोक त्यांना निवडणूक लढवा म्हणू लागले, आणि तिथे पहिली अडचण आली ती नोकरीची. सरकारी नोकराला निवडणूक लढवता येत नाही. घर चालवायचं कसं? इथे मला तुमचं विशेष लक्ष हवं आहे. स्टॅन्ली मार्कस नावाच्या डॅलसच्या मोठ्या दुकानदाराने त्यांना आपल्याकडे नोकरी देऊ केली, म्हणजे त्या सरकारी नोकरी सोडून उभ्या राहू शकतील. १९७२ मध्ये त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्या फरकाने टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. डॅलसमधून लोकांनी निवडून दिलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. दुसऱ्या कार्यकाळात कामगारविषयक समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. टेक्सासच्या त्या सभागृहात एखाद्या मोठ्या समितीची सूत्रं स्त्रीच्या हाती जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या विभागीय संचालक नेमलं, म्हणून त्यांनी सभागृह सोडलं. १९८६ मध्ये त्या पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या, या वेळी टेक्सासच्या सिनेटसाठी, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहासाठी. त्या सिनेटमधलं त्यांचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निदान करणाऱ्या क्ष-किरण केंद्रांवर नियंत्रण आणणारं विधेयक त्यांनी लिहिलं. एड्सच्या रुग्णांशी भेदभाव करायला मनाई करणारं आणि त्यांना उपचार मिळणं सोपं करणारं विधेयक लिहिलं. रुग्णालयांनी डॉक्टरांना रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देऊ नयेत, म्हणून विधेयक लिहिलं. भाड्याची पडकी घरं महापालिकेने दुरुस्त करावीत आणि खर्च घरमालकाकडून वसूल करावा, यासाठीही त्या झगडल्या.

ही यादी एखाद्या इन्चार्ज सिस्टरला वाचून दाखवा. हे विषय कुठून आले ते ती लगेच ओळखेल. त्यातला प्रत्येक विषय रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहिलं की दिसतो.

कट प्रॅक्टिसचंच, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल घेतल्या जाणाऱ्या दलालीचंच घ्या. कोणत्या रुग्णाला कोणत्या लॅबचं पाकीट हातात देऊन पाठवलं जातं, गावाकडच्या कुणाच्या चिठ्ठीवर रुग्ण थेट कुठल्या खासगी रुग्णालयात येतो, त्याच तपासण्या दुसऱ्यांदा का करायला लावतात, हे सिस्टरला रोज दिसतं. रुग्णाच्या नातेवाइकाने घरातलं सोनं मोडून आणलेले पैसे काउंटरवर मोजताना तिने पाहिलेले असतात. आपल्या राज्यात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार झाला होता. माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, चर्चा झाली, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने छापले. त्याचा कायदा काही झाला नाही. तुमच्यापैकी कुणाचा आमदार त्यासाठी सभागृहात सलग भांडला, हे मला जाणून घ्यायचं आहे. टेक्सासमध्ये जे विधेयक एका नर्सने लिहिलं, ते आपल्याकडे मसुद्यापाशीच अडकलं. यामागे बरीच कारणं असतील. पण ज्याला हा प्रकार रोज डोळ्यांनी दिसतो आणि ज्याचा त्यात एक पैसाही गुंतलेला नाही, असं माणूस आत नव्हतं, हे एक मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

एचआयव्हीचंही तसंच. ज्या काळात मी वॉर्डात होते, तेव्हा अशा रुग्णाची खाट हळूहळू टोकाला सरकवली जायची. केसपेपरवर मोठ्या अक्षरात काहीतरी खूण असायची आणि ती शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनाही वाचता यायची. जेवणाचं ताट लांबून सरकवलं जायचं. त्याची लंगोट कुणी बदलायची यावरून वाद व्हायचे आणि शेवटी एखादी विद्यार्थिनी पुढे व्हायची. आपल्या देशात एचआयव्ही-एड्सबाबतचा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. पहिले रुग्ण आपल्याकडे १९८६ मध्ये सापडले होते. मधल्या तीन दशकांत त्या टोकाच्या खाटांबद्दल सभागृहात बोलायला आमच्यातली कुणी असती तर, असं मला वाटत राहतं.

जॉन्सनबाई १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेल्या. तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका. २०१९ मध्ये त्या विज्ञान, अंतराळ आणि तंत्रज्ञान समितीच्या अध्यक्ष झाल्या. नर्सच्या हातात अंतराळ संशोधनाच्या समितीची सूत्रं! परिचारिका फक्त परिचारिकांपुरतंच बोलेल, ही शंका तुमच्या मनात असेल तर ती इथेच सोडून द्या. ३१ डिसेंबर २०२३ रोजी त्या वारल्या. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पुनर्वसन केंद्रात त्यांची वेळेवर स्वच्छता झाली नाही आणि जखमेत जंतुसंसर्ग झाला, असा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला. हे वाचल्यावर मी बराच वेळ काही करू शकले नाही. खाटेवर पडलेल्या माणसाला स्वच्छ ठेवणं हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्यासाठी वॉर्डात पुरेशी माणसं लागतात.

पुरेशी म्हणजे किती, याचा हिशेब आपल्याकडे ठरलेला आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी, शिवाय रजेची सोय म्हणून ३० टक्के जादा. तुम्ही कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री दोन वाजता जा. सोबत कॅमेरा आणि कार्यकर्ते नेऊ नका. खाटा मोजा, जमिनीवर गादी टाकून झोपवलेले रुग्णही मोजा आणि मग सिस्टर किती आहेत ते पाहा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने याचा कायदा १९९९ मध्ये केला आणि २००४ पासून तो लागू केला. अतिदक्षता विभागात २ रुग्णांमागे १ परिचारिका हे तिथे कायद्याचं बंधन आहे. आपल्याकडे निकष कागदावर आहे, आणि तो मोडला तर कुणाला जाब विचारायचा हे कुणालाच ठाऊक नाही. आपली खासगी शुश्रूषागृहं आजही मूळच्या १९४९ च्या नोंदणी कायद्याखाली चालतात. त्या कायद्यात आणि नियमांत काय बदलायला हवं, हे आमच्यातली कोणतीही अनुभवी सिस्टर कलमावार सांगेल.

खासगी रुग्णालयांतल्या मुलींच्या पगाराबद्दल तर बोलायलाच हवं. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न हातात घेतला आणि त्यानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकाच पगार, १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही. केरळमध्ये परिचारिकांनी लांबलचक संप केले, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्या शहरात कॉलेज रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका, नाशिक रोड, जिकडे पाहाल तिकडे रुग्णालयं उभी आहेत. त्यातल्या मुली बहुतेक सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण, नंदुरबारकडून आलेल्या असतात, चौघीजणी एका खोलीत राहतात आणि घरी पैसे पाठवतात. त्यांना पगार किती मिळतो, हे तुमच्या कार्यकर्त्यांनी एकदा त्यांच्या खोलीवर जाऊन विचारावं. रुग्णालयात विचारलं तर त्या सांगणार नाहीत.

आता अडचणीकडे येते. परिचारिका निवडणुकीला उभी का राहत नाही, याचं कारण तिला राजकारण कळत नाही असं मुळीच नाही. सरकारी परिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू आहेत. तिला पक्षात जाता येत नाही, प्रचार करता येत नाही, उभं राहायचं तर आधी नोकरी सोडावी लागते. नोकरी सोडली आणि हरली, तर परत यायला दार उघडं नाही. खासगी रुग्णालयातल्या मुलीवर तो नियम नाही, पण तिच्याकडे पैसा नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. महिना २०,००० मिळवणाऱ्या बाईने एक रुपयाही खर्च न करता साठवले, तरी तेवढे जमायला १६ वर्षं ८ महिने लागतील. म्हणूनच मी डॅलसच्या त्या दुकानदाराची गोष्ट सांगितली. तुमच्या प्रत्येक पक्षात शिक्षणसंस्था चालवणारे, सहकारी बँका आणि पतसंस्था सांभाळणारे, कारखानदारी करणारे लोक आहेत. सरकारी नोकरी सोडून येणाऱ्या एखाद्या परिचारिकेला ते सन्मानाने काम देऊ शकतात. तिचा निवडणुकीचा खर्च पक्ष उचलू शकतो. इच्छा असेल तर हे एका बैठकीत ठरण्यासारखं आहे.

निवडून येईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न मला आधीच ऐकू येतो. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा नाशिक मध्य, नाशिक पश्चिम आणि देवळाली या तिन्ही ठिकाणी स्त्रियाच निवडून आल्या. नाशिकचा मतदार बाईला मत देतो, हे आता सिद्ध करायची गरज नाही. आणि नर्सला? मुंबईत किशोरी पेडणेकर परिचारिका होत्या, नगरसेविका झाल्या, नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर झाल्या. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या ऐन कहरात, त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या आणि परिचारिकांशी बोलल्या. त्यांच्या पक्षाशी तुमचं पटो न पटो, त्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक नर्सने तो फोटो पाहिला आणि जपून ठेवला. एखादी सिस्टर एका गावात किंवा एका प्रभागात दहा-पंधरा वर्षं राहिली की तिला घराघरांत ओळखतात. कुणाचं बाळंतपण तिने केलेलं असतं, कुणाच्या आजीच्या शेवटच्या रात्री ती जवळ होती. खेड्यात तर नर्सबाई हीच सरकारची एकमेव ओळख असते. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा नियम आहे. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात पावसाळ्यात रस्ता वाहून गेल्यावर ते ३,००० लोक कुणाला हाक मारतात? मतदारयादी तिच्या तोंडपाठ असते, आणि ती तिने निवडणुकीसाठी पाठ केलेली नसते.

लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली आहे. ती प्रत्यक्ष लागू होईल तेव्हा, आजच्या २८८ जागांचा हिशेब धरला तर, महाराष्ट्रात ९६ जागा स्त्रियांसाठी असतील. तेव्हा तुम्ही धावपळ करून कुणाची पत्नी, कुणाची सून शोधत बसाल, अशी मला भीती वाटते. त्या घरांतल्या कर्तबगार बायकांना माझा विरोध नाही. पण ज्यांनी स्वतःच्या जोरावर पन्नास-पन्नास खाटांचे वॉर्ड चालवले, त्यांना आत्तापासून तयार करा.

वरच्या सभागृहाचीही वाट आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपाल नियुक्त असतात, साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांसाठी. परिचर्या हे विज्ञानही आहे आणि समाजसेवाही. तुमचा पक्ष सत्तेत असेल तर मंत्रिमंडळाच्या शिफारशीत एक नाव आमच्यातलं असू द्या. आणि नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाबद्दल तुम्हाला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. त्याची निवडणूक जानेवारी २०२३ मध्ये झाली, म्हणजे पुढची २०२९ च्या सुरुवातीला येईल. त्या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांत बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली कितीतरी आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे, राज्यभरातल्या नर्सिंगच्या मुलींच्या पदव्यांवर नाशिकचाच शिक्का असतो. यातल्या बहुतेकींनी आजवर या यादीसाठी अर्जच भरलेला नाही. या वेळी आम्ही तो त्यांच्याकडून भरून घेणार आहोत. नमुना १८, पदवीची प्रत, रहिवासाचा पुरावा. वॉर्डावॉर्डात, वसतिगृहावसतिगृहात जाऊन.

आपल्या शहरासमोर आज दोन गोष्टी अशा आहेत की तिथे परिचारिकेचा आवाज नसणं मला धोक्याचं वाटतं. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. मी कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही, चौकशी ज्यांनी करायची त्यांनी केली. पण त्यानंतर प्रत्येक रुग्णालयात विचारायला हवे होते असे काही प्रश्न आहेत. मुख्य पुरवठा तुटला तर कोणत्या वॉर्डात किती भरलेले सिलिंडर हाताशी आहेत? ते बदलायला त्या पाळीत किती जणांना येतं? फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारं उपकरण, आणि पाना कुठे ठेवलेला असतो? रात्रीच्या एकट्या सिस्टरने आधी कोणत्या खाटेकडे धावायचं, हे आधी ठरवलेलं आहे का, त्याचा सराव होतो का? हे प्रश्न अधिवेशनात विचारले गेले पाहिजेत, आणि उत्तर आल्यावर ते खरं आहे की नाही हे ओळखणारं कुणीतरी तिथे हवं.

दुसरी गोष्ट सिंहस्थ. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं आहेत. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३० हून अधिक भाविक गेले, हे नाशिककर विसरलेले नाहीत. घाट, रस्ते, पूल यांच्या बैठका होत आहेत, होऊ द्या. पण सिंहस्थासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून परिचारिका प्रतिनियुक्तीवर आणल्या जातील, तेव्हा त्यांच्या मागे राहिलेल्या वॉर्डांत कोण असेल? त्यांच्या राहण्याची, स्वच्छतागृहाची, रात्रीच्या गाडीची सोय कोणत्या आराखड्यात आहे? तात्पुरत्या दवाखान्यात बारा तास उभी असलेली मुलगी लघवीला कुठे जाणार? ही गोष्ट जाहीर पत्रात लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण त्या मुलींनी पाणी पिणं बंद करून ड्युट्या केलेल्या आहेत आणि मूत्रमार्गाचा त्रास घेऊन घरी गेलेल्या आहेत. नियोजनाच्या बैठकीला एका तरी अधिसेविकेला, म्हणजे मेट्रनला, बसवा. यासाठी २०२९ ची वाट पाहायची गरज नाही, आणि कोणत्याही पक्षाचा आमदार उद्या पत्र देऊन हे करून घेऊ शकतो.

जुलै २०२५ मध्ये राज्यभरातल्या सरकारी परिचारिका वेतनातल्या तफावतीसाठी आणि कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, आझाद मैदानावर पावसात बसल्या. ज्यांनी पाठिंबा दिला, त्यांचे आभार. पण दरवेळी रुग्ण सोडून मैदानात बसावं लागणं आम्हाला फार जड जातं. संपाच्या दिवशीही आमचं मन वॉर्डात असतं, सकाळचं इंजेक्शन कुणी दिलं असेल याच विचारात. मागण्या मांडायला आतमध्ये आमचं माणूस असतं, तर कदाचित इतक्या वेळा मैदानात यावं लागलं नसतं.

तुमच्याकडून मला तीन गोष्टींचं लेखी उत्तर हवं आहे. २०२९ मध्ये जिल्ह्यातल्या कोणत्या मतदारसंघात तुम्ही परिचारिकेचा विचार कराल. नोकरी सोडून येणाऱ्या उमेदवाराच्या उपजीविकेची आणि खर्चाची जबाबदारी पक्ष कशी घेईल. आणि आत्ता, याच वर्षी, तुमच्या पक्षाच्या शहर आणि जिल्हा कार्यकारिणीत एक खासगी रुग्णालयातली किंवा निवृत्त परिचारिका घ्याल का. शोभेच्या महिला आघाडीत नको, निर्णय होतात त्या समितीत घ्या.

जो पक्ष उत्तर देईल त्याचं उत्तर, आणि जो देणार नाही त्याचं नाव, आम्ही पाचही जिल्ह्यांतल्या परिचारिकांपर्यंत पोहोचवू. पदवीधरच्या मतदारनोंदणीसाठी आम्ही वसतिगृहांत फिरणारच आहोत. त्या वेळी मुली हेच पहिलं विचारतील.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
नाशिक